मागील दाराची खोली

आमच्या हर्णैजवळच्या घराला पश्चिमेकडे तोंड करून लांबलचक पडवी आहे आणि माडांच्या रांगेतून तिथून सुवर्णदुर्गाचा तट सरळ दिसतो. घरात कोणी आजारी पडले की त्याची खाट पडवीत टाकायची, हा आमच्याकडचा जुना रिवाज. वारा तिथे, उजेड तिथे, वाटेवरून जाणाऱ्या माणसाची विचारपूसही तिथेच. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळी मुले थोरले आजोबा म्हणत असू, ते मात्र १९४२ साली बोटीवरून दुखणे घेऊन परत आले तेव्हा त्यांनी पडवीतली खाट दोन रात्रींनंतर स्वतःच ओढत मागील दाराच्या खोलीत नेली. त्या खोलीला एकच लहानशी खिडकी आहे आणि त्या खिडकीतून विहीर, गोठ्याची भिंत आणि एक फणस, एवढेच दिसते. पुढे छत्तीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ते तिथेच निजले.

लहानपणी मला हा त्यांचा हेकटपणा वाटे. मुंबईहून मे महिन्यात आलेल्या मला समुद्राकडे पाठ करून बसणारा माणूस समजणे शक्यच नव्हते. गेली काही वर्षे, नोकरीतून मोकळा झाल्यावर, मी युद्धकाळातल्या नाविकांच्या आरोग्यधामांविषयी मिळेल ते वाचत आहे. निमित्त अर्थातच थोरले आजोबा. इतर देशांनी आपले जखमी दर्यावर्दी बरे करण्यासाठी कुठे नेले, कोणत्या डोंगरात, कोणत्या किनाऱ्यावर ठेवले, आणि तिथे त्यांच्या खाटा कोणत्या दिशेला मांडल्या, हे वाचता वाचता आमच्या त्या अंधाऱ्या खोलीचा अर्थ थोडाफार लागू लागला.

मराठीत आपण ‘दुखण्यातून उठला’ असे म्हणतो. दुखणे संपले, पण माणूस अजून कामाचा झालेला नाही, असा मधला काळ या शब्दांत आहे. घरगुती भाषेत त्याची औषधे पेज, मऊ भात, कुळथाचे कळण आणि हवापालट. नौदलांना हा मधला काळ फार पूर्वीपासून सतावत आला आहे, कारण शस्त्रक्रिया झालेल्या आणि ताप उतरलेल्या माणसाला लढाऊ रुग्णालयात ठेवले तर नव्या जखमींना खाट मिळत नाही, आणि लगेच जहाजावर धाडले तर तो पंधरा दिवसांत पुन्हा आडवा होतो. म्हणून तिसरी जागा लागते.

सुरुवातीच्या जागा निसर्ग पाहून निवडल्या होत्या असे मात्र समजू नये. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉस्पोर्ट येथे हॅस्लर हे नौदलाचे प्रचंड रुग्णालय उभे राहिले आणि तिथे १७५३ मध्ये पहिले रुग्ण दाखल झाले. स्कर्व्ही या दर्यावर्दींना जडणाऱ्या रोगावर लिंबूवर्गीय फळांचा उतारा प्रयोगाने दाखवणारे जेम्स लिंड १७५८ पासून याच रुग्णालयाचे प्रमुख वैद्य होते. तीन बाजूंनी पाणी आणि भोवती उंच भिंत अशी ती जागा. पण तिचा मोठा गुण हवा किंवा देखावा हा नव्हता, तर तिथून पळून जाणे अवघड होते, हा होता. त्या काळी नाविकांना सक्तीने धरून जहाजावर नेत, त्यामुळे बरा झालेला माणूस पहिल्या संधीला पसार होई. शतकभराने, क्रिमियाच्या युद्धानंतर, साउदॅम्प्टनच्या खाडीवर नेटली येथे लष्करासाठी पाव मैलाहून लांब इमारत बांधली गेली. ती १८६३ मध्ये सुरू झाली. पाण्यावरून पाहिले की राजवाडा वाटावा असा तिचा दर्शनी भाग होता, पण त्या दर्शनी बाजूला नुसते लांबच लांब व्हरांडे काढले होते आणि रुग्णांचे कक्ष मागच्या बाजूला, समुद्राकडे पाठ करून. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी यावर सडकून टीका केली आणि पंतप्रधान पामर्स्टन यांनीही वास्तुकाराच्या मिरवण्याच्या हौसेपायी रुग्णांचे सुख बळी गेले असे ठणकावून लिहिले. पण पाया घातला गेला होता, इमारत तशीच पूर्ण झाली. देखावा रुग्णासाठी नव्हता. रुग्णालयच बाहेरच्यांसाठी देखावा होते.

वाइट बेटावरील व्हिक्टोरिया राणीचा ऑस्बर्न हा वाडाही १९०४ पासून आजारातून उठणाऱ्यांसाठी खुला झाला. बाग सुंदर, समोर सोलेंटचे शांत पाणी. मात्र तो अधिकाऱ्यांसाठी होता. साध्या खलाशाला तिथे जागा नव्हती, मग तो पोर्ट्समथचा असो की आमच्या हर्णैचा.

मी सर्वात जास्त वेळ घालवला तो कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या कहाणीवर. योसेमिटीचे खोरे म्हणजे जेमतेम सात मैल लांबीची, दोन्ही अंगांनी ग्रॅनाइटचे सरळ कडे उभे असलेली खोलगट भूमी. काही कडे तळापासून तीन हजार फूट उंच, आणि एक धबधबा तीन टप्प्यांत मिळून दोन हजार चारशे फुटांहून अधिक खाली कोसळतो. या खोऱ्यात १९२७ मध्ये आवानी नावाचे श्रीमंती थाटाचे हॉटेल उघडले होते. १९४३ मध्ये अमेरिकी नौदलाने ते ताब्यात घेतले, गालिचे आणि सामानसुमान आवरून ठेवले, भव्य दिवाणखान्यात ओळीने खाटा लावल्या, मद्यगृहाचे प्रार्थनाघर केले, आणि पॅसिफिकमधून मनाने खचून आलेल्या नाविकांना तिथे आणायला सुरुवात केली. कागदावर ही योजना निर्दोष होती. तोफांचा आवाज नाही, गर्दी नाही, पाइनची झाडे, हरणे, स्वच्छ पाणी. देशातल्या लोकांनी जिथे मधुचंद्राला जायचे ती जागा.

पण झाले भलतेच. कोकणातला माणूस पहिल्यांदा घाट चढताना म्हणतो ना, की डोंगर अंगावर येतात, तसे त्या माणसांचे झाले. ज्यांनी दोन-दोन वर्षे चारी दिशांना फक्त क्षितिज पाहिले होते त्यांना ते कडे भिंतीसारखे वाटू लागले. शहर दूर, घरचे माणूस भेटायला येणे कठीण, आणि दिवसभर करायला काही नाही. ज्या एकांतातून बरे वाटायचे त्यानेच जीव घुसमटू लागला. तेव्हा नौदलाने धोरण बदलले. मनोरुग्णांऐवजी शरीराच्या जखमांतून सावरणारे नाविक तिथे अधिक येऊ लागले आणि रिकामा वेळ भरून काढण्याची व्यवस्था झाली. हस्तव्यवसायाच्या कार्यशाळा आल्या, ग्रंथालय, खेळांच्या खोल्या, मासेमारी, डोंगरातल्या पदयात्रा, हिवाळ्यात बर्फावरची घसरपट्टी. डिसेंबर १९४५ मध्ये रुग्णालय बंद होईपर्यंत साडेसहा हजारांहून अधिक माणसे तिथून गेली होती. तेच खोरे, तेच कडे, पण आता त्या कड्यांकडे जाणारी वाट माणसाच्या पायाखाली होती. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. नुसते दृश्य समोर ठेवून माणूस बरा होत नाही. त्या दृश्यात त्याला काही काम असावे लागते.

त्याच वर्षी, १९४३ मध्ये, आयडाहोमधील सन व्हॅली आणि कोलोरॅडोमधील ग्लेनवुड स्प्रिंग्ज ही दोन विहारस्थळेही नौदलाने घेतली. सन व्हॅली हे रेल्वे कंपनीने १९३६ मध्ये बर्फावरच्या खेळांसाठी वसवलेले ठिकाण. ग्लेनवुडला गरम पाण्याचे झरे होते आणि त्या पाण्यात आखडलेले सांधे सैल करण्याचा उपचार नाविकांवर होई. दोन्ही ठिकाणे समुद्रापासून शेकडो मैल दूर, डोंगरांच्या पोटात. समुद्राने दुखावलेल्या माणसाला समुद्र दिसणार नाही तिथे न्यावे असा हेतू कोणी मुद्दाम धरला होता की रिकामी हॉटेले तिथे होती म्हणून तसे झाले, यावर वाद घालता येईल. मला दुसरे कारण अधिक खरे वाटते. युद्धामुळे पर्यटक आटले होते आणि सरकारला छपरे हवी होती.

आता आमच्या माणसाकडे वळतो. थोरले आजोबा एका विलायती कंपनीच्या मालवाहू बोटीवर खलाशी होते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे बहुतकरून डेकवर घेतली जात. गावातला सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या, मुंबईला बोट ‘बांधी’, म्हणजे बोटीवरचे काम ठरवी, आणि आपल्याच वाडीतली, नात्यागोत्यातली माणसे बरोबर नेई. त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणी, कसब आणि मग साधे खलाशी. आमच्या भागातल्या कोकणी मुसलमान घरांत सारंगपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते आणि थोरले आजोबा ज्यांच्याबरोबर गेले ते सारंगही शेजारच्या मोहल्ल्यातलेच. या भरतीचा एक परिणाम असा की एक बोट बुडाली की एकाच गावात तीन-चार घरी रडणे उठे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा जवळजवळ दर चौथा माणूस भारतीय होता, पगार गोऱ्या खलाशाच्या कित्येक पटींनी कमी होता, आणि त्या युद्धात सुमारे ६,६०० भारतीय व्यापारी खलाशी मेले. जखमींचा आकडा मात्र १,०२२ सांगितला जातो. जमिनीवरच्या लढाईत जखमी नेहमी मृतांपेक्षा कितीतरी जास्त असतात. समुद्रात उलटे होते. तिथे जखमी होऊन मागे राहायला जागाच नसते. एक तर बोटीत चढता येते, किंवा नाही.

थोरले आजोबा चढले होते. उत्तर अटलांटिकमध्ये, ऐन थंडीत, टॉर्पेडो लागल्यावर, आणि पाच दिवस. याविषयी ते कधी बोलले नाहीत. जे काही घरात ठाऊक होते ते सारंगांनी येऊन सांगितलेले. सप्टेंबर १९४० मध्ये बुडालेल्या ‘सिटी ऑफ बनारस’ या जहाजाच्या बारा क्रमांकाच्या लाइफबोटीत ४६ माणसे आठ दिवस तरंगत राहिली आणि त्यांत बहुसंख्य भारतीय खलाशी होते, हे मी वाचले तेव्हा त्या पाच दिवसांचे चित्र पहिल्यांदा डोळ्यांपुढे उभे राहिले. पातळ सुती कपडे, तळाशी साचलेले बर्फासारखे पाणी, आणि त्या पाण्यात घोट्यापर्यंत बुडालेले, हलवायला जागा नसलेले पाय.

त्या पायांचे नेमके काय झाले होते हे आमच्या घरात कुणालाच कळले नव्हते. लिव्हरपूलच्या इस्पितळात काही आठवडे ठेवून, आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून येणाऱ्या बोटीने त्यांना मुंबईला पाठवले. तिथून किनाऱ्याच्या आगबोटीने हर्णै. हर्णैला धक्का नव्हता. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू होडीत उतरून किनाऱ्याला येत. वडील सांगत की त्या उतरणीच्या वेळी थोरले आजोबा आगबोटीच्या कठड्याला धरून इतका वेळ उभे राहिले की खालच्या होडीवाल्यांनी शिव्या घातल्या. शेवटी सारंगांनी त्यांना खांद्यावर घेतले.

पाय बाहेरून धड दिसत होते, फक्त दोन बोटे गेली होती. पण जमिनीला टेकवले की आग होई. थोरल्या आजीने जे कोणतीही शहाणी बाई करील तेच केले. तिळाचे तेल कोमट करून चोळले, तापलेल्या वाळूच्या पुरचुंड्यांनी शेक दिला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून बैलगाडीत घालून उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेले. आमच्या तालुक्यात संधिवाताचे, कातडीचे सगळे रोगी उन्हवऱ्याला जात. थोरले आजोबा त्या कुंडात पाय घालताच ओरडले ते म्हणे अर्ध्या गावाला ऐकू गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चोळणे, शेकणे सगळे बंद करवले, मागील दाराच्या खोलीत शेणाने सारवलेल्या गार जमिनीवर घोंगडीची वळकटी ठेवून तिच्यावर पाय उंच करून, उघडे टाकून पडून राहू लागले. घरच्यांना वाटले, डोक्यावर परिणाम झाला.

ब्रिटिश नौदलाशी संबंधित डॉक्टरांनी १९४२ च्या सुमारास या दुखण्याचा बारकाईने अभ्यास केला होता. फार वेळ थंड पाण्यात राहिलेल्या पायांतील रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात. सुटकेनंतर पाय आधी बधिर, मग लाल, सुजलेले, आगीसारखे जळजळणारे होतात, आणि पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, थंडी सोसत नाही, घाम सुटत राहतो. त्यांनी घालून दिलेले पथ्य असे होते की पाय चोळू नयेत, शेकू नयेत. उंच ठेवावेत, उघडे ठेवावेत, गार हवेत किंवा पंख्याखाली ठेवावेत. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. विलायतेतल्या कक्षात विजेचा पंखा लावून जे करत होते ते आमच्या घरातल्या एका निरक्षर खलाशाने सारवलेल्या जमिनीवर स्वतःचे स्वतः शोधून काढले होते, किंवा लिव्हरपूलच्या परिचारिकांना करताना पाहिले होते आणि घरात सांगण्याची त्याला भाषा सापडली नव्हती. पौष-माघात पहाटे त्यांच्या बोटांची टोके पांढरीफटक पडत, हे मी स्वतः पाहिले आहे.

आमच्यापासून घाटी चढून गेले की दापोली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी कोकणातली आपली छावणी तिथे वसवली ती मुख्यतः हवेसाठी. म्हणून जुनी माणसे अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. पुढे फौज गेली, तरी पलटणीतून निवृत्त झालेल्या पेन्शनदारांची वस्ती टिकली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह तिथे राहिले. म्हणजे युद्धावरून आलेल्या माणसाने मोकळ्या हवेत सावरावे ही कल्पना आमच्या तालुक्याला परकी नव्हती. मुंबईतही आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जनतेसाठी खुले होण्यापूर्वी, पहिल्या महायुद्धात, लष्करी रुग्णालय म्हणून वापरले गेले होते. पण हे सगळे पलटणीच्या माणसांसाठी. व्यापारी बोटीवरचा खलाशी ना सैनिक, ना पेन्शनदार. बोट बुडाली की त्याची नल्ली, म्हणजे नोकरीची नोंदवही, आणि तो, दोघेही घरी परत येत, आणि नंतरचे सगळे घरच्या बायकांवर सोपवलेले असे.

थोरल्या आजीविषयी कुठे काही लिहिलेले नाही आणि मलाही फारसे सांगता येणार नाही; ती मी पाच वर्षांचा असताना गेली. पण हिशेब मांडला तर आठ महिने पेज रांधणे, दिवसाआड जमीन सारवणे, रात्री ओरडून उठलेल्या नवऱ्याला पाणी देणे, आणि शिवाय भातशेती. योसेमिटीला या कामांसाठी वेगवेगळ्या पगारी माणसांचे ताफे होते.

हस्तव्यवसायाची कार्यशाळाही आमच्याकडे निघाली, तिला ते नाव कोणी दिले नाही इतकेच. पहिल्या पावसाळ्यात सारंगांनी एक दिवस न विचारता फाटक्या जाळ्यांचा ढीग मागच्या अंगणात आणून टाकला आणि ‘गणपतीच्या आधी पायजेत’ एवढे बोलून ते निघून गेले. थोरले आजोबा तिसऱ्या दिवशी कामाला लागले. पुढे सगळ्या पाखाडीची जाळी तेच सांधत, काथ्याचे सुंभ वळत, आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसून, तोंड विहिरीकडे करून, तासन्‌तास बोटे चालवत. समुद्रावर ते पुन्हा कधी गेले नाहीत. होळीला सगळा गाव पुळणीवर उतरे तेव्हाही ते घर राखायला मागे राहत.

रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला होता. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. त्यांतल्या निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. आज रुग्णालये बांधणारे वास्तुकार या लेखाचा हवाला देतात आणि तो द्यावाच. फक्त मला त्यात एक भर घालावीशी वाटते, की झाड कुणालाच बुडवत नाही. समुद्राविषयी ते म्हणता येत नाही. आमच्या पडवीतला देखावा ज्याला औषध वाटतो तो पाहुणा असतो. ज्याला तो पुन्हा पुन्हा बुडवतो त्याच्यासाठी विहीर, गोठ्याची भिंत आणि फणस हेच आरोग्यधाम.

मुंबईला मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात नाहीशा झालेल्या भारतीय नाविकांच्या नावांची स्मारके आहेत. दोन वर्षांपूर्वी मी तिथे जाऊन नावे वाचून आलो. आमच्या किनाऱ्यावरची ओळखीची आडनावे सापडली. थोरल्या आजोबांचे नाव तिथे असण्याचे कारण नव्हते; ते परत आले होते.

घर आता माझा चुलतभाऊ सांभाळतो आणि हंगामात पर्यटकांना खोल्या देतो. पडवीला त्याने काच बसवली आहे आणि तिथल्या दोन खाटांचे भाडे सर्वात जास्त आहे. मागील दाराच्या खोलीत सध्या गॅसच्या टाक्या, नारळ आणि जुनी जाळी असतात. ती खोलीही साफ करून भाड्याने का देत नाहीस, असे मी गेल्या दिवाळीत त्याला विचारले, तर तो म्हणाला, ‘दादा, तिथनं समुद्र नाय दिसत. कोण घेणार?’